मराठीच्या वाटेने स्पॅनिश

स्पॅनिश शिकायला निघालेल्या मराठी माणसाला पहिला सल्ला मिळतो तो आधी इंग्रजी पक्कं करण्याचा. पुस्तकं इंग्रजीतून, मोबाइलवरचे धडे इंग्रजीतून, क्लासमधली समजावणीही बहुतेक इंग्रजीतूनच. मला हा सल्ला पटत नाही. मी धुळ्याला माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याची बदली स्पेनमधल्या वालेन्सियाला झाली आणि मुलीला घेऊन मीही इथे आले. वर्गात बसून, बाजारहाट करून, शाळेच्या फाटकाशी इतर आयांशी बोलून जी स्पॅनिश मी कमावली, तिच्या जोरावर सांगते: मराठी बोलणाऱ्याला तिची सर्वांत जवळची वाट मराठीतूनच आहे. इंग्रजीतून गेलं की उगाच वळसा पडतो.

२० देशांची राजभाषा आणि जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा आपल्याला परकी वाटते ती केवळ अंतरामुळे. "मला कॉफी आवडते" हे वाक्य घ्या. इंग्रजीत आवडून घेणारी मी कर्ता होते. स्पॅनिश म्हणते, "मे गुस्ता एल काफे". यातला 'मे' म्हणजे आपला 'मला', आणि क्रियापद चालतं ते कॉफीच्या मागे. आवडणाऱ्या वस्तू अनेक असतील तर 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं, जसं आपण 'आंबा आवडतो' आणि 'आंबे आवडतात' म्हणतो. माझ्या वर्गातल्या इंग्लंडच्या बाईंना ही रचना कित्येक आठवडे छळत होती. मला फक्त शब्द पाठ करावे लागले.

दुसरी गोष्ट तर मला चकित करून गेली. आपण 'मी पुस्तक शोधते' म्हणतो, पण 'मी मुलीला शोधते'. पुस्तकाला 'ला' लागत नाही, मुलीला लागतो. स्पॅनिशमध्येही 'बुस्को उन लिब्रो', पण 'बुस्को आ मि इखा'. माणूस कर्म झाला की त्याच्याआधी 'आ' येतो. इंग्रजीत असलं काहीच नसल्यामुळे पुस्तकांना यासाठी पानं खर्चावी लागतात. मराठी मुलाला हे एका ओळीत सांगता येतं.

भूतकाळाचंही तसंच. 'मी नदीवर गेले' आणि 'लहानपणी मी नदीवर जात असे' यांतला फरक आपण शाळेत रीती भूतकाळ म्हणून शिकतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'फुई', दुसऱ्याला 'इबा'. आणि विध्यर्थ! परदेशी विद्यार्थी ज्याला सर्वांत जास्त घाबरतात ते स्पॅनिशचं रूप, 'किएरो के बेंगास', हे आपलं 'तू यावंस असं मला वाटतं' आहे. 'येतेस' आणि 'यावंस' यांत जे अंतर आहे, तेच 'बिएनेस' आणि 'बेंगास' यांत. आठवीच्या वर्गात फळ्यावर विध्यर्थाची उदाहरणं लिहून दिली, त्याचा उपयोग इतक्या दूर होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

उच्चारांत तर आपण बरेच पुढे असतो. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य. 'तोमाते', 'दोस', 'माद्रिद' हे जसं लिहिलं तसं वाचा. प आणि क यांच्यात हवेचा फुगारा नाही, आणि प-फ, क-ख यांतला भेद आपल्या कानाला पहिल्यापासून कळतो. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. र एकदा की घोळून, यावर अर्थ ठरतो.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. 'आहे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदं आहेत. 'बर्फ थंड असतो' आणि 'चहा थंड झालाय' यांतला फरक थोडी वाट दाखवतो, पण 'मी मराठी आहे' म्हणताना ती तुटते. तिथे सवयच लागते. 'ग्राथिआस'मधला जिभेचं टोक दातांत धरून काढायचा आवाज आपल्या 'थ'हून वेगळा आहे. नपुंसकलिंगी नामं त्यांच्याकडे नाहीत, त्यामुळे घर स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी हे पाठच करावं लागतं. तरीही हिशेब मांडला तर जमेची बाजू मोठी आहे, आणि मराठीतून लिहिलेलं चांगलं स्पॅनिश व्याकरण प्रत्येक जिल्ह्याच्या वाचनालयात असावं असं मला मनापासून वाटतं.

शिकायची सोय इथे चांगली आहे. सरकारी भाषाशाळांची साखळी आहे. तिची सुरुवात १९११ साली माद्रिदला झाली. शुल्क माफक असतं. त्याशिवाय प्रौढ शिक्षणाच्या शाळांत नवागतांसाठी स्पॅनिशचे वर्ग चालतात. मी तिथूनच सुरुवात केली. शेजारच्या बाकांवर युक्रेन, सेनेगल, पाकिस्तान, चीन. बाईंना सगळे नावाने हाक मारायचे. एकेरीत! पंचवीस मुलांकडून 'बाई, येऊ का आत?' ऐकण्याची सवय असलेल्या मला ते जड गेलं. स्पेनमध्ये 'तू' फार सहज वापरतात, दुकानात, बँकेत, दवाखान्यातही. 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही', वयस्कर माणसांसाठी आणि कचेरीतल्या बोलण्यासाठी राहिलं आहे. आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या बाईंना मी आजही 'उस्तेद'च म्हणते, आणि त्यांना ते आवडतं.

विनंतीच्या बाबतीतही मराठीच कामाला येते. आपण टपरीवर 'एक चहा द्या' म्हणतो. त्यात उद्धटपणा नसतो, कारण तो आवाजात आणि क्रियापदात मिटवलेला असतो. इथेही 'पोन्मे उन काफे', एक कॉफी दे. इंग्रजीच्या सवयीची माणसं 'मला मिळू शकेल का' अशी लांब वाक्यं जुळवत बसतात आणि तोवर काउंटरवरचा माणूस पुढच्याकडे वळलेला असतो. मात्र आत शिरताना 'ओला' किंवा 'बुएनास' म्हणायचं विसरायचं नाही. डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत येणारा प्रत्येक जण बसलेल्या सगळ्यांना उद्देशून ते म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. बाजारातल्या गाळ्यापुढे रांग दिसत नाही, बायका इकडेतिकडे उभ्या असतात, पण रांग असते. आल्याबरोबर विचारायचं, "किएन एस ला उल्तिमा?" शेवटची कोण? एक हात वर होतो, आता शेवटची तुम्ही. १९२८ साली उघडलेल्या इथल्या मध्यवर्ती मंडईत मी शिकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

घड्याळाशी जुळवून घ्यायला सर्वांत जास्त वेळ लागला. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊ-दहाला. याला लोक आळस म्हणतात, ते बरोबर नाही. वालेन्सिया ग्रिनिचच्या रेखावृत्ताच्या अगदी जवळ, किंचित पश्चिमेला आहे. म्हणजे घड्याळ लंडनचं असायला हवं. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने मध्य युरोपची वेळ घेतली आणि ती परत बदलली नाही. उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जातं. त्यामुळे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. माणसं जेवतात ती मध्यान्हीलाच; पुढे गेलंय ते घड्याळ.

मधली भूक भागवायला वालेन्सियाची स्वतःची रीत आहे. सकाळी दहाच्या सुमारास कामगार, कारकून, निवृत्त मंडळी सगळे अर्ध्या हाताएवढा पाव घेऊन बसतात, सोबत शेंगदाणे आणि ऑलिव्ह. शाकाहारी माणसाने बटाटा-अंड्याच्या जाड पोळ्याचा पाव मागवावा; अंडंही चालत नसेल तर भाजलेल्या भाज्यांचा. भात मात्र इथे दुपारीच खातात. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, त्याच्याभोवती भातशेती पसरलेली. मे महिन्यात शेतं पाण्याने भरली की मला कोकणात गेल्यासारखं होतं. त्याच तांदळाची पाएया रविवारी दुपारी घरोघर शिजते, पण रात्री भात मागणाऱ्याकडे लोक काळजीने पाहतात, याला पचेल का म्हणून.

नावाची गोष्ट प्रत्येक मराठी बाईला इथे भेटते. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडून, एक आईकडून. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. एका कचेरीत माझ्या नवऱ्याचं नाव माझं पहिलं आडनाव म्हणून नोंदलं गेलं. ते दुरुस्त करायला पुढे बरीच कागदपत्रं जोडावी लागली. इथे येणाऱ्याने पासपोर्टवर नाव आणि आडनाव कुठल्या रकान्यात आहे ते निघण्याआधी नीट पाहावं, आणि नगरपालिकेतली रहिवासी नोंद, जिला 'पाद्रोन' म्हणतात, करताना टेबलावरून उठण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचावं. शाळा, दवाखाना, भाषेचा वर्ग, सगळीकडे तोच कागद मागतात. पण या पद्धतीने मला एक गोष्ट दिली. मुलीला शाळेत विचारलं, तुझ्या आईचं आडनाव काय? तिने माझं माहेरचं आडनाव सांगितलं, आणि तेव्हापासून वह्यांवर ती दोन्ही लिहिते. लग्नानंतर मी स्वतःही जे लिहीत नव्हते, ते ती लिहिते.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर घरात आणखी एक भाषा आली. वालेन्सियात स्पॅनिशच्या बरोबरीने वालेन्सियन ही अधिकृत भाषा आहे, १९८२ पासून. कॅटलानच्या कुळातली. शाळेत बरेच विषय तिच्यात शिकवतात. परदेशातून आलेले पुष्कळ पालक कुरकुरतात: एक भाषा शिकताना जीव मेटाकुटीला आला, त्यात ही दुसरी कशाला? त्यांची अडचण मला कळते, पण तक्रारीत मी सामील होत नाही. माझी आजी साक्री तालुक्यातली. तिच्या तोंडून मी अहिराणी ऐकत वाढले. शाळेत आणि कचेरीत मराठी. अहिराणीला वालेन्सियनसारखा सरकारी दर्जा किंवा शाळेतली जागा नाही, हा फरक मोठा आहे. पण घरची बोली आणि दप्तरी भाषा वेगळ्या असल्या की माणसाच्या मनात काय चालतं, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. भाजीवाल्याला मी वालेन्सियनमध्ये 'बोन दिआ' म्हणते. पुढचं बोलणं स्पॅनिशमध्येच होतं, पण सुरुवात त्याच्या भाषेत झालेली असते.

याच भाषेत एक न्यायालय चालतं, आणि वालेन्सियाला येणाऱ्या मराठी माणसाने ते पाहिल्याशिवाय जाऊ नये. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दाराशी काळे झगे घातलेली आठ माणसं अर्धवर्तुळात बसतात. ही पाण्याची पंचायत. तुरिया नदीचं पाणी आठ मुख्य पाटांनी शहराभोवतीच्या मळ्यांना जातं; प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी इथे बसतो. तो स्वतः शेती करणारा असावा लागतो. शिपाई एकेका पाटाचं नाव पुकारून विचारतो, कुणाची तक्रार? कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणी पाट साफ केला नाही. वकील नाही, युक्तिवादाचे कागद नाहीत. दोन्ही बाजू तोंडी बोलतात आणि निवाडा तिथल्या तिथे होतो. ज्या पाटाचा तंटा असेल त्याचा प्रतिनिधी निवाड्यात बोलत नाही. या रीतीचं मूळ अरबांच्या काळापर्यंत नेतात, आणि युनेस्कोने २००९ मध्ये तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

पर्यटक फोटो काढून पाच मिनिटांत निघून जातात, कारण बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही नव्हती. तरी मी खूप वेळ तिथे उभी राहिले. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीची गावं मी लहानपणापासून पाहिलेली. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेखीला हवालदार. सगळे शेतकऱ्यांनीच नेमलेले. तीनशे-चारशे वर्षांची ही व्यवस्था आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी मोडली. इथे दुष्काळी, उन्हाच्या मुलखातल्या लोकांनी तीच अक्कल एवढ्या मानाने शहराच्या मध्यभागी जपली आहे. पंचायत उठल्यावर एका वृद्ध प्रतिनिधीशी मी बोलले. माझी तेव्हाची स्पॅनिश कच्ची होती, पण बंधारा, पाट, पाळी, चोरी एवढे शब्द होते, आणि त्याला आमच्या नदीविषयी सगळं ऐकायचं होतं. पाळी रात्रीची आली तर काय करता, असं त्याने विचारलं. हा प्रश्न फक्त शेतकरीच विचारतो.

त्याच तुरियाने १४ ऑक्टोबर १९५७ ला शहर बुडवलं होतं. नंतर नदीच शहराबाहेर दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रातून मोठा रस्ता काढायचा बेत होता. लोकांनी विरोध केला, आणि आज तिथे जवळपास नऊ किलोमीटरची बाग आहे. मुलगी तिथे सायकल शिकली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी पुन्हा पाणी आलं. वळवलेल्या पात्राने शहर वाचवलं, पण पात्रापलीकडची पायपोर्ता, कातार्रोखा, अल्फाफार ही गावं ओढ्यांच्या लोंढ्यात सापडली. फोनवर धोक्याची सूचना वाजली तेव्हा आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती; कित्येक ठिकाणी पाणी आधीच घरात शिरलेलं होतं. प्रांतात सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली.

१ नोव्हेंबरला सुट्टी होती. हजारो लोक खराटे आणि फावडी खांद्यावर घेऊन पायी नदी ओलांडून निघाले, त्यात आम्हीही होतो. दिवसभर चिखल उपसताना ज्या घरात जाऊ तिथली माणसं बोलत होती आणि मी ऐकत होते. सगळे एकाच काळात बोलत होते. "आकी एस्ताबा", इथे असायचं. "आकी तेनीआमोस", इथे आमच्याकडे होतं. इथे शिवणयंत्र असायचं, इथे बाबा बसायचे. मी फळ्यावर कधीकाळी शिकवलेला रीती भूतकाळ, ओल्या भिंतीशी उभं राहून, परक्या भाषेत. मला एकही वाक्य मनात भाषांतरित करावं लागलं नाही. त्या दिवसानंतर मी स्पॅनिशला परकी भाषा म्हणणं सोडलं.

कागदावर स्थिरावणं याहून हळू चालतं. भारतीयाला नागरिकत्व मागण्याआधी साधारणपणे १० वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिका, फिलिपीन्स, पोर्तुगाल इथल्यांना २ वर्षं पुरतात. शिवाय ए-२ म्हणजे प्राथमिक पातळीची भाषापरीक्षा आणि राज्यघटना व समाज यांवरची २५ प्रश्नांची परीक्षा. त्यात १५ उत्तरं बरोबर यावी लागतात. आम्ही तो अर्ज करू की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही. भारताचा पासपोर्ट सोडणं ही साधी गोष्ट नाही.

पण मोहल्ल्याने त्याची वाट पाहिली नाही. मार्चमध्ये इथे फायास हा सण असतो, सेंट जोसेफच्या नावाचा. शहरात जवळपास चारशे मंडळं आहेत. वर्षभर वर्गणी, बैठका, जेवणावळी, वाद. मग चौकाचौकांत उंच, रंगीत, राजकारण्यांची आणि जगरहाटीची खिल्ली उडवणारे पुतळ्यांचे देखावे उभे राहतात, आणि १९ मार्चच्या रात्री ते जाळून टाकतात. लोकांच्या मतांनी निवडलेले दोन पुतळे तेवढे वाचतात आणि संग्रहालयात जातात. एवढं घडवून नाहीसं कशाला करायचं, असं वर्गातल्या जर्मन मुलाने विचारलं होतं. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुकीत चाललेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मी आमच्या गल्लीच्या मंडळात नाव घातलं तेव्हा पहिल्याच बैठकीत ओळखीचं वाटलं: खजिनदार हिशेब वाचतोय, मागे दोघं फटाक्यांच्या खर्चावरून भांडतायत, आणि बायका जेवणाची यादी करतायत.

२२ डिसेंबरला नाताळची मोठी सोडत निघते. मंडळं तिच्या तिकिटांचे छोटे हिस्से पावत्या छापून विकतात. आमच्याकडे ५ युरोंच्या पावतीत ४ युरो सोडतीला आणि १ युरो देखाव्याच्या निधीला. यंदा एक पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. संध्याकाळी मुलीला घेऊन मी इमारतीत मजल्यामजल्याने फिरते. ती वालेन्सियनमध्ये बोलते, मी स्पॅनिशमध्ये. निम्म्याहून अधिक पावत्या गेल्यात. उरलेल्या गुरुवारच्या बैठकीआधी संपवायच्या आहेत, कारण हिशेब त्याच दिवशी द्यायचा आहे.